बाबांचा बंद नंबर

आमच्या वकिलांच्या ऑफिसात करार आता फोनवरच होतात. करार तयार करायचा, लिंक पाठवायची, समोरच्याने काचेवर बोट फिरवलं की झाली सही. हे काम माझ्याकडे. पाठवण्याआधी प्रत्येक करार मी एकदा चालवून बघते आणि सही करणारा म्हणून बाबांचा नंबर घालते. बाबा गेले तेव्हाच तो बंद झाला, त्यामुळे कुणाच्या डोक्याला ताप नाही. त्यांचा फोन माझ्याच टेबलाच्या खणात पडलाय, बॅटरी फुगलेली.

परवा आमच्याच घराच्या विक्रीचा करार करायला बसले. दादा हात धुऊन मागे लागला होता. घर आईच्या नावावर, आणि आई तिथून हलायला तयार नव्हती. "हे सांगतील तेव्हाच निघेन," एवढंच तिचं म्हणणं. तिच्याकडे बटणांचा फोन, म्हणून संध्याकाळी तिला समजावून दादा आपल्याच फोनवर सही घेणार होता. मलाच मेलीला ते घर जाऊ नये असं वाटत होतं. त्या तंद्रीत बाबांचा नंबर काढायचा राहिला आणि करार गेला.

जेवून आले तर बाबांच्या नावापुढे सही होती.

वाटलं, नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, त्याने गंमत केली असेल. पण अर्धांगवायूनंतर बाबा डाव्या हाताने सही करायचे आणि शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घसरायचं. हेही घसरलं होतं.

बघता बघता खालच्या चौकटीत आईची सही उमटली.

दादाला फोन लावला. तो वैतागला. अजून ऑफिसातच होता, आणि लिंक त्याने उघडलीसुद्धा नव्हती.

मग आईला लावला.

"केली बाई सही," ती म्हणाली. आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. "पिठाच्या हातानेच केली. यांना कुठे दम निघतोय."

"आई, कुणाच्या फोनवर केलीस?"

"यांच्याच की. चल, ठेवते. दारात उभे आहेत."

पुन्हा लावला. नुसताच वाजत राहिला.

मी खण उघडला. बाबांचा फोन तसाच होता, बंद. काचेवर पिठाचं बोट फिरलेलं होतं. पीठ अजून ओलं होतं.