भरमूचा लगाम

"थुंकला! लगाम पुन्हा थुंकला!" कुंपणाच्या भिंतीवर बसलेला उपेंद्र ओरडला आणि मैदानावर हशा पिकला.

साल होतं १९३८. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. बेळगावात शाळेमागच्या मैदानावर नागोजी मास्तर पोरांना मुष्टियुद्ध शिकवत होते. मास्तर जुने पलटणीतले. येत्या रविवारी लोंढ्याच्या रेल्वेवाल्या पोरांशी सामना होता आणि शाळेकडून दोघं उतरणार होते, शामू आणि भरमू. दोघंही गुंजी गावचे, शेतकऱ्यांची मुलं, शिकायला बेळगावात राहिलेली.

लगाम म्हणजे दातांवर बसवायची जाड पट्टी. ठोसा बसला तरी दात शाबूत राहावेत म्हणून ती घालायची. उपेंद्र आणि त्याची बहीण कल्याणी यांचे वडील शरच्चंद्र, म्हणजे पोरांचे अण्णा, खडेबाजारातले दंतवैद्य. त्यांनी दोघांच्या दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचे हुबेहूब दात, म्हणजे साचे, तयार केले होते. मग गरम पाण्यात मऊ होणारा, रबरासारखा गटापर्चा त्या दातांवर दाबून ज्याची त्याची पट्टी बनवली होती. ते तिला गमशील्ड म्हणत. पोरांनी तिचा लगाम केला.

"मास्तर, ह्यो लगाम बसतच न्हाय!" भरमू कळवळून म्हणाला. "हिरड्यात रुततोय. श्वास बी घेता येईना."

"सवय न्हाय तुला! पलटणीत बुटं चावायची, म्हणून आम्ही काय अनवाणी लढलो व्हय?"

भरमूनं लगाम पुन्हा तोंडात कोंबला, डोळे मिटले, आणि दोन ठोशांनंतर तो परत मातीत थुंकला.

"लगाम थुंकणारं तट्टू!" भिंतीवरून कल्याणीनं आरोळी ठोकली.

शब्द झकास जमला होता. सगळी पोरं खिंकाळू लागली. मास्तरसुद्धा मिशीत हसले. भरमूनं वर पाहिलं. तो नेहमी बत्तिशी दाखवून हसणारा मुलगा, पण आज त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. लगाम उचलायला तो वाकला नाही.

"तसाच खेळतो," तो म्हणाला. "बघू दे कोण भितंय ते!"

"व्हय तर! चला!" मास्तर म्हणाले.

समोर उभ्या शामूचा उजवा हात सुटला आणि कट्‌ असा आवाज आला. भरमू खाली बसला. त्यानं ओंजळीत काहीतरी थुंकलं. पुढच्या दाताचा तुकडा होता तो.

हशा एकदम थांबला.

भरमूला दवाखान्यात नेलं. शरच्चंद्रांनी दाताचं उरलेलं मूळ काढलं आणि कापसाचा बोळा दिला. "आता रविवारी खेळायचं नाही," ते म्हणाले. तोवर पोरांमध्ये बातमी पसरली होती. भरमू भ्याला, म्हणून लगाम थुंकला, म्हणून दात गेला!

मातीत पडलेला तो लगाम कल्याणीनं उचलून आणला होता. संध्याकाळी परसात तिनं तो धुतला, उलटा केला आणि थबकली. आत, दातांच्या खाचेत, लाल ठिपका होता.

"रक्त!" उपेंद्र म्हणाला.

"कसं असेल? लगाम आधी पडला, दात नंतर तुटला."

"हिरडी कापली आसंल," शामू पडेल आवाजात म्हणाला. मघापासून तो उजवी मूठ दुसऱ्या हातात लपवून बसला होता.

"मग वाळून काळपट झालं असतं. हे तर लालच आहे." कल्याणी उठली आणि स्वयंपाकघरातून लिंबाची फोड घेऊन आली. "हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?"

"लाल होतो," उपेंद्र म्हणाला. "आणि आईचा धपाटा बसतो!"

"आणि लिंबू लावलं की?"

"पुन्हा पिवळा."

कल्याणीनं खाचेत लिंबाचे थेंब पिळले. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. लाल ठिपक्याची कड फिकट झाली, आणि पाहता पाहता ठिपका पिवळाधमक झाला!

"कुंकू!" कल्याणी कुजबुजली. "आपल्या घरचं. आई हळदीत चुन्याची निवळी घालून करते ना, तेच."

"लगामाला कुंकू कोण लावतंय?" शामूनं विचारलं.

लगामाला कुणीच लावलं नव्हतं. पण खंडेनवमीच्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती. चिमटे, आरसे, पायानं फिरवायचं दात कोरण्याचं यंत्र, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं. प्लास्टरचे दातही झेंडूची फुलं घालून रांगेत बसवले होते. ती दातांची रांग बघून कल्याणीला इतकं हसू आलं होतं, की तिनंच एकेका दाताला बोटानं कुंकू लावलं होतं. मग त्याच साच्यांवर लगाम दाबले गेले होते.

"धुऊन पुसून," ती सावकाश म्हणाली. "उपेंद्र, अण्णा त्या साच्यांवर नावं कशानं लिहितात रे?"

"पेन्सिलीनं. का गं?"

शामूचं तोंड उघडंच राहिलं. "माझा लगाम बी नीट न्हाय बसत," तो म्हणाला. "एका अंगाला ढिला, दुसऱ्या अंगाला वर उचललेला. पर भरमूला समद्यांनी हसलं, मग मी कशाला सांगतोय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा माडीवर आडवे झाले, तेव्हा मोहीम निघाली. साच्यांच्या खोलीच्या दारात अण्णांचे मदतनीस मारुतीराव खुर्ची टाकून बसत आणि पोरांना आत फिरकू देत नसत. दात काढण्याची त्यांना फार हौस, पण अण्णा त्यांच्या हाती चिमटा देत नसत.

"आई गं! मेलो!" उपेंद्र गाल धरून आत शिरला. "मारुतीकाका, दाढ!"

मारुतीरावांचे डोळे चमकले. "बस, बस बाळा! अण्णांना कशाला उठवायचं? कुठली दाढ?"

"ही... नाही, ती... पलीकडची!"

"आता बघ कशी अल्लाद काढतो!"

चिमट्याचा खणखणाट ऐकून उपेंद्रचा आवाज खरोखरच कापू लागला. तेवढ्यात कल्याणी आणि शामू खोलीत शिरले होते. फळीवर पांढऱ्या दातांच्या जोड्या मांडलेल्या होत्या. 'शामू' लिहिलेला साचा तिनं उचलला. त्यातले दात सरळ, मोठे, एका ओळीत होते. 'भरमू' लिहिलेल्या साच्यात डाव्या सुळ्यावर दुसरा दात चढलेला होता, आणि खाचांमध्ये अजून थोडं कुंकू होतं.

"शामू, आ कर."

शामूनं आ केला. डाव्या बाजूला दातावर दात! लहानपणापासून गावभर त्याला त्यावरून चिडवत.

"म्हंजे... भरमूच्या तोंडात माझा लगाम व्हता," तो म्हणाला. "आन् माझ्या तोंडात त्याचा."

"वाचवा!" बाहेरून उपेंद्रची किंकाळी आली. "दाढ बरी झाली! अगदी बरी झाली!"

त्या आरडाओरड्यानं अण्णा धावत खाली आले. मारुतीरावांनी चिमटा पाठीमागे लपवला. कल्याणीनं दोन्ही साचे टेबलावर ठेवले, शामूचं तोंड उघडायला लावलं आणि काय घडलं असेल ते सांगितलं.

अण्णांनी मारुतीरावांकडे पाहिलं. "नावं धुतली गेली होती?"

"धुतली गेलती," मारुतीराव चाचरत म्हणाले. "देवाच्या पाटावर धूळ कशी ठेवायची? मग आठवून लिवली. आता दातच ते, समदे सारखेच की!"

"सारखे असते तर ठसे कशाला घेतले असते, मारुतीराव?" अण्णांचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. "पण लगाम पाठवण्याआधी पोरांच्या तोंडात बसवून पाहायचं काम माझं होतं. घाईत मी मास्तरांकडे नुसतं पुडकं पाठवलं."

रविवारी अण्णांनी शामूच्या तोंडात त्याचा खरा लगाम स्वतः बसवून पाहिला. तो असा बसला, की शामूला तो आहे हेसुद्धा आठवेना. लोंढ्याच्या पोराचा एक ठोसा थेट त्याच्या तोंडावर आला. लोक हळहळले. शामूनं मान झटकली, दात आवळले आणि खेळतच राहिला. सामना शामूनं जिंकला!

मग नागोजी मास्तर सगळ्यांसमोर उभे राहिले. "भरमू भ्याला न्हवता," ते मोठ्यानं म्हणाले. "पोरगं खरं सांगत व्हतं. मीच ऐकलं न्हाय." त्यांनी कल्याणीच्या डोक्यावर हात ठेवला. "आन् ह्या पोरीनं लिंबाच्या फोडीनं चूक पकडली! शाब्बास!"

टाळ्या वाजल्या. अण्णांनी तिघांसाठी खव्याचा गोड कुंदा मागवला. कल्याणीच्या हातातला कुंदा तसाच राहिला. मैदानाच्या कडेला भरमू बसला होता. ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"भरमू, तुझा साचा सापडलाय. त्यात तुझा दात आहे. तस्साच दात अण्णा बसवून देणार आहेत. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळंल की," भरमू म्हणाला.

कल्याणीनं हातातल्या कुंद्याकडे पाहिलं. "ते तट्टू... मी म्हणायला नको होतं."

"आगं, नाव झ्याक व्हतं!" भरमू म्हणाला. "मला बी हसू येत व्हतं. पर लगामानं तोंड सोलून निघालं व्हतं न्हवं!"

आणि तो खरंच हसला. पण हसण्याआधी त्याचा तळहात आपोआप ओठांवर गेला.

पूर्वी तो असा हसत नसे. कल्याणीनं कुंद्याचा द्रोण त्याच्यापुढे धरला. तो त्यानं डाव्या हातानं घेतला. उजवा हात अजून तोंडावरच होता.