शकूवन्संचा हुंकार

पनवेलच्या लाईन आळीतली रोहिणी त्या शुक्रवारी बाजारात गेली ती फक्त पूजेची सुपारी आणायला. दुकानदाराने काय हवं विचारलं, आणि तिला शब्दच आठवेना. वस्तू डोळ्यांपुढे होती, बोटाने दाखवताही आली, पण नाव जिभेवर येईना. "वहिनी, उपास फार झाले वाटतं," दुकानदार म्हणाला. तीही हसली.

ही सुपारी तिला लागायची शकूवन्संच्या जागी. शकूवन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. लहानपणीच्या तापात वाचा गेलेली, कान मात्र तिखट. रोहिणी दर शुक्रवारी कहाणी सांगायची आणि समोरच्या पाटावर वन्सं मुठीत अक्षता धरून वाक्यावाक्याला "हुं" म्हणायच्या. ऐकणारं कुणी नसेल तर कहाणी देवीला पोचत नाही, आणि सुरू केलेली कहाणी अर्धी सोडायची नाही, असा त्या घरचा नेम. रोहिणी चिडवायची, "वन्सं, एक दिवस तुम्ही सांगा, मी हुं म्हणेन." वन्सं तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या गेल्या, आणि त्यांच्या पाटावर सुपारी आली.

शब्द वारंवार हरवू लागले तेव्हा रोहिणीचा नवरा रमेश तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी एमआरआयची काळी फिल्म उजेडावर लावली. मेंदूच्या डाव्या बाजूला तळ्यावरच्या धुक्यासारखं पांढुरकं काही साचलं होतं.

"गाठ दिसते बाई, पण तुमचे शब्द कुठे राहतात ते फिल्मवर दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "ते मेंदूलाच विचारावं लागेल, म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं. तुम्ही बोलत राहा. मी एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करीन. बोलणं थांबलं, की तिथे खुणेची चिठ्ठी. त्या जागेला हात लावणार नाही. जिथे थांबणार नाही, तिथून मी कापायला मोकळा."

बोलायचं काय, तिने विचारलं. तोंडपाठ असेल ते काहीही, ते म्हणाले. तिला तोंडपाठ होती ती कहाणी. तिने ऑपरेशनसाठी शुक्रवारच मागून घेतला.

हिरव्या कापडाच्या तंबूत ती कुशीवर निजली होती. डोकं बधिर, दुखत काहीच नव्हतं. सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. वाचा तपासणारी दिपा तिच्या चेहऱ्याशी बसून ओठांकडे बघत होती.

"नगराबाहेर एक म्हातारी राहायची," रोहिणीने सुरुवात केली.

"हुं."

दिपाच असेल, तिला वाटलं. पण दिपा गप्प होती. आणि स्पिरिटच्या वासातून हळूच माक्याच्या तेलाचा वास येऊ लागला. वन्संच्या केसांचा.

एका जागी तिची जीभ अडली. डॉक्टरांनी चिठ्ठी ठेवली. जीभ सुटली. पुढे दुसरी चिठ्ठी. मग… "म्हातारी विहिरीपाशी गेली, वाकून पाहिलं, तर…"

शब्द विझले. आत नुसती काळी शांतता. आणि तरी कहाणी पुढे चालली.

"…तर पाण्यात तिचाच दिवा तेवत होता."

ओठ रोहिणीचे, श्वास तिचा. बोलणारी ती नव्हती. एकेक अक्षर पहिल्यांदाच चाखून पाहावं तसं सावकाश येत होतं.

"बोलणं चालू आहे," दिपा म्हणाली.

"मग इथे चिठ्ठी नको."

तेव्हा रोहिणीला उमगलं. कहाणी अर्धी राहू नये म्हणून वन्सं मदतीला धावल्या होत्या. आणि त्या मदतीपायी तिची वाचा कापली जाणार होती.

स्पर्श उठला, जीभ परत तिची झाली.

"डॉक्टर… आत्ता बोलली ती मी नव्हते."

"आवाज तुमचाच होता, बाई."

"पुन्हा बघा. हात जोडते तुम्हाला." मग आयुष्यात कधी न मोडलेला नेम तिने मोडला. पुटपुटली, "वन्सं, थांबा… अर्धीच राहू दे. उरलेली घरी तुम्ही सांगा. मी हुं म्हणेन."

डॉक्टरांनी त्याच जागी पुन्हा स्पर्श केला. या वेळी तंबूत कुणीच बोललं नाही. चिठ्ठी ठेवली गेली.

रोहिणी पनवेलला परतली ती बोलत बोलत. जाईजुई, पळी, पंचपात्र, दिसेल त्याचं नाव घ्यायची आणि देवीपुढे डोळे पुसायची. दुकानदाराकडे तिने सुपारी मोठ्याने मागितली.

शुक्रवारी तिने दिवा लावला. सांगणारीच्या पाटावर सुपारी ठेवली, आणि ऐकणारीच्या पाटावर मुठीत अक्षता घेऊन आपण बसली. कबूल केलं होतं ना. माक्याच्या तेलाचा वास आला. वात जराशी वाकली.

"हुं," रोहिणी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "हुं."

कहाणी संपली की अक्षता वाहून उठायचं. पण दारातलं ऊन अंगणात उतरलं, अंगणातून भिंतीवर चढलं, वडाळे तळ्याकडे बगळे परतले, तरी तिची मूठ मिटलेलीच होती. इतकी लांब कहाणी तिला ठाऊक नव्हती. पण वन्सं जन्मभराचं साठलेलं सांगत होत्या, त्यांना अडवायचं कसं?

रमेश कामावरून आला. उंबऱ्यातूनच त्याने विचारलं, "अगं, एकटीच बसलीस? बरी आहेस ना?"

सांगायला तिच्याकडे सगळे शब्द होते.

"हुं," ती म्हणाली.