डोन्काची हजेरी

तंबाखूची पानं ओवायच्या दिवसांत आमच्या प्रिलेप शहराकडच्या खेड्यांत सगळ्या पोरांची हजेरी लागते, मग वर्गात कोणी असो वा नसो. हजेरी दहाच्या खाली गेली की शाळेला कुलूप. म्हणून बारा वर्षं मीही डोळ्यांवर कातडं ओढून ‘हजर’ लिहीत आले. गणित शिकवते मी. खोटी बेरीज मला कळत नव्हती असं नाही.

त्या सप्टेंबरात नऊ वर्षांची डोन्का एकदाही आली नव्हती. बाप अंथरुणाला खिळलेला, वर्षभराची चूल तंबाखूवर. मंगळवारी सवयीने तिचं नाव घेऊन खूण केली, तर मागून आवाज आला, “हजर.”

डोन्का शेवटच्या बाकावर होती. पुढच्या दोघा पोरांनी वळूनही पाहिलं नाही. तिची वही तपासताना बोटं दिसली. स्वच्छ. या दिवसांत आमच्याकडे अशी बोटं कुणाचीच नसतात. पानांचा काळा चीक नाताळपर्यंत निघत नाही.

दुपारी तिच्या घरावरून गेले. अंगणात मिरच्या भाजल्याचा धूर होता. ओसरीत चटईवर डोन्का बसली होती, हातात दाभण, बोटं काळी, ओठ पांढरेफटक. शेजारी ओकारीची बादली.

“ही आज शाळेत आली होती ना?” मी विचारलं.

तिची आई वेलिका हसली. “चेष्टा करता काय बाई गरिबाची? पहाटेपासून जागची हलली नाही.”

“पानांचं विष चढलंय तिला. डॉक्टरकडे ने.”

“एवढा ढीग ओवून होऊ दे, नाहीतर सडेल. तुम्ही तेवढी हजेरी लावा, म्हणजे झालं.”

मी लावत राहिले. बाकावरची डोन्का रोज भरत गेली, गालांवर लाली आली. ओसरीतली रोज वाळत गेली. डॉक्टरला मीच बोलवायला हवं होतं. पण चौकशी झाली तर हजेरीपट उघडा पडेल, या भीतीने गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

सोमवारी मनाचा हिय्या केला. ‘गैरहजर’ लिहायला पेन टेकवलं.

“बाई, हजरच लिहा,” ती बाकावरून म्हणाली.

“का गं?”

“तिकडं आता कुणी नाही.”

मी धावत सुटले.

चटई रिकामी होती. माळ अर्धवट, दाभण तिच्यातच अडकलेलं.

वेलिका शांतपणे पानं निवडत होती. “कुणाला शोधता, बाई? डोन्का शाळेत आहे. तुम्हीच तर लिहिता.”

मग तिने अंगणात खेळणाऱ्या चार वर्षांच्या धाकटीला हाक मारली आणि चटईवर बसवलं.