मार खायला ठेवलेली मुलगी

आमची पहिली भेट कशी झाली असं कुणी विचारलं, की सत्यम आधी नाक चोळतो. चोळू दे! खोटं थोडंच आहे? ओळखपाळख व्हायच्या आत मी त्याच्या नाकावर ठोसा ठेवून दिला होता... तोही डाव्या हाताचा.

मी तुंगार्लीला गेले होते ते एका सहीसाठी. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या फॉर्मवर प्रशिक्षकाची सही लागते, आणि मी चार वर्षं जिथं बॉक्सिंग शिकले तो लोणावळ्यातला वर्ग जूनमध्ये बंद पडलेला. तळ्याकाठी एका बंगल्यामागच्या हॉलमध्ये कैलास सरांनी सहा मुलांचा कॅम्प लावलाय, एवढं कानावर आलं होतं. गेले, टेबलावर वाकून नाव लिहायला लागले, तर सरांनी माझा पेनच धरला.

"डावरी आहेस?"

"व्हय. का? डाव्या हातानं लिवलेलं चालत न्हाई का?"

चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, त्यांना तेच हवं होतं. त्यांचा सोमाटण्याचा सत्यम दोन महिन्यांनी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. तिथं गाठ हरियाणाच्या बलविंदरशी. बलविंदर डावखुरा. मागच्या वर्षी त्यानं सत्यमला दुसऱ्याच राउंडला आडवा केला होता. सरावासाठी ठरवलेला डावखुरा मुलगा आयत्या वेळी आलाच नाही, आणि सर डोक्याला हात लावून बसले असताना दारात मी!

"महिनाभर ह्याच्यासमोर उभी राहा," सर म्हणाले. "महिना झाला की सही."

"आजपासनंच राहते."

रिंगमधला मुलगा माझ्याकडे बघून हसला. सावळा, सडपातळ, पापण्या नको इतक्या लांब. "सर, मुलगी आहे ती," म्हणाला, आणि दोन्ही हात खाली सोडले. मग काय, दिला एक ठेवून.

"सॉरी म्हणायची पद्धत असते," नाकातलं रक्त पुसत तो म्हणाला.

"हात वर ठेवायची पन पद्धत असती."

आणि तो मेला परत हसला! नाक गळतंय आणि डोळे हसतायत... तिथंच माझं काहीतरी बिनसलं. पण मी कबूल करणार होते होय!

स्पॅरिंग पार्टनर म्हटलं की लोकांना वाटतं, सरावातला जोडीदार. कसला जोडीदार नि कसलं काय! दुसऱ्याच्या लढाईसाठी मार खायचा, तोही तिसऱ्यासारखं लढून. सरांनी मला बलविंदरचे व्हिडिओ दाखवले. दोन डावे ठोसे, मग एक पाऊल मागे, आणि मागे जाताना उजवा हात खाली. दर वेळी. तीच त्याची खोड, सत्यमनं तिथंच मारायचं. म्हणजे मी दर वेळी उजवा हात खाली सोडायचा. सोडला. स्वतःचा एक डाव टाकायची सोय नव्हती. सगळा कॅम्प मला बलविंदरच म्हणायचा. "ए बलविंदर, पाणी पी!" "बलविंदर, वेणी आवर!"

एकट्या सत्यमनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "बलविंदरचं खरं नाव काय?"

"प्रतीक्षा. प्रतीक्षा ओव्हाळ, कुरवंडे."

"बलविंदरपेक्षा बरंय."

"तुझं मत मागितलं कुनी?"

संध्याकाळी मी घरापर्यंत पळत जायची, तेवढाच दमसास. चौथ्या दिवशी बघते तर हा शेजारी. कुरवंड्याच्या चढाला धुकं असं, की पाच हातांवरचं दिसेना. नुसता त्याच्या बुटांचा आवाज... आणि श्वास.

"तुझा रस्ता सोमाटण्याचा," मी म्हणाले.

"धुक्यात चुकला."

"रोज चुकनार का आता?"

"महिनाभर तरी."

असा हा. पावसानं केस कपाळाला चिकटलेले, आणि बोलताना माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघणार. एकदा चढावर थांबून म्हणाला, "आमच्या घरी नं... पहिलं आडनाव विचारतात."

"मग सांग की. ओव्हाळ. चोरी केलीय का कुनाची? आमची आजी सांगायची, छप्पन साली धम्म घेतला, मान वर केली, ती परत खाली घालायची न्हाई."

तो म्हणाला, "मी नाही घालणार खाली." कुणाची मान, ते बोलला नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू?

महिना संपायच्या आदल्या दिवशी घरी कपाटाच्या आरशासमोर माझा स्वतःचा सराव करत होते. चाचणी दहा दिवसांवर. समोर पिंपरीची कोमल येणार, हे ठरलेलं. उंच, लांब हाताची, समोरचीनं गार्ड सोडला की हाणलाच म्हणून समजा. मी दोन डावे मारले, मागे आले... आणि आरशात बघितलं तर उजवा हात खाली! परत मारले. परत खाली! दहादा केलं, नऊदा हात आपोआप उतरला. बलविंदरची खोड माझ्या अंगात भिनली होती.

दुसऱ्या दिवशी सत्यमला तळ्याच्या बांधावर गाठलं.

"माझा उजवा हात खाली येतो तवा तू तिथं मारायचं असतं. मारतोस का?"

"मारतो की..."

"कसं?"

"...हळू."

"किती हळू?"

"लागणार नाही, इतकं." मग अगदी बारीक आवाजात, "मला तुला मारवत नाही गं."

दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. माझं डोकं फिरलं. "अरं, हात खाली आल्यावर फटका बसला असता तर तो हात शिकला असता! तू लाड केलेस, तो सोकावला. नऊ दिवसांनी कोमल काय माझे लाड करनार हाय? आन् तुझा तो बलविंदर? तो तरी करनार हाय का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी थांबले नाही, तडक हॉलमध्ये गेले आणि सरांसमोर फॉर्म ठेवला. "महिना झाला, सर. सही."

"अजून पंधरा दिवस थांब. सत्यमचं आत्ता कुठं बसतंय."

"तवर माझी चाचणी हून जाईल."

"अगं, स्पॅरिंग पार्टनरला कसली आलीय चाचणी! पुढच्या वर्षी बघू."

मुलं सराव सोडून जवळ आली. मागून सत्यम आला. "सर, तुम्ही सही केली नाही, तर मी पण रिंगमध्ये—"

"तू थांब!" मी त्याच्यावरच खेकसले. "तुझ्या जिवावर नकोय मला. सर, मी शब्द दिलता, पाळला. तीस दिवस नाक, डोळे, बरगड्या, समदं दिलं. आता तुमचा शब्द. सही करा, न्हाईतर ह्या पोरांसमोर सांगा, की कैलास सर शब्द फिरवतात."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि केली सही. "पण चाचणीला तुझ्या कोपऱ्यात उभं राहायला मी येणार नाही."

"नका येऊ."

त्या संध्याकाळी रस्त्यात मीच सौदा मांडला. सकाळी मी त्याची बलविंदर व्हायचं, संध्याकाळी त्यानं माझी कोमल. सकाळी उजवा हात खाली, संध्याकाळी वर, ते मी डोकं ताळ्यावर ठेवून सांभाळीन. पण त्यानं मारायचं. खरं मारायचं.

"नाही जमलं तर?"

"तर मग माझ्या रस्त्याला परत चुकायचं न्हाई."

पोरांनी काय खिदळून घेतलं! "कोमलताई, ओढणी घ्या!" सत्यम शांतपणे म्हणाला, "ताई म्हणा, आक्का म्हणा, पण ग्लोव्हज नीट बांधा." आणि रिंगमध्ये आला. दोन डावे मारून मी मागे सरले, हात उतरला... आणि पहिल्यांदा त्यानं खरा ठोसा दिला. हेडगार्ड असूनसुद्धा डोळ्यांसमोर काजवे!

"लागलं?" त्यानं विचारलं.

"लागलं. परत."

परत हात उतरला, परत बसला. मार मला बसत होता आणि डोळे त्याचे भरत होते, पण पठ्ठ्यानं एकदाही हात आखडला नाही. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं. सातव्या दिवशी उजवा हात जागच्या जागी राहिला. माझा सुजलेला डोळा बघून आई म्हणाली, "ह्या हिरा ओव्हाळच्या लेकीला मारनारा हाय तरी कोन? आन त्याला घरी." आणला. भाकरी वाढता वाढता तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि दुसरी भाकरी न विचारता टाकली.

चाचणीला माझ्या कोपऱ्यात सत्यमच उभा होता. बादली, बाटली, खांद्यावर टॉवेल. पोरगं सराव सोडून कुठं जातंय ते बघायला त्याचे वडील, हौशीराम आबा, सोमाटण्याहून आलेले, तिसऱ्या रांगेत पाय रोवून बसलेले. माझी आई त्यांच्या मागेच. कोमलशी एकच लढत, जिंकेल ती जिल्ह्याच्या संघात. पहिला राउंड मी घेतला. दुसऱ्यात घाई केली, हात दोनदा उतरला, दोन्ही वेळा तिनं वाजवला. मी धापा टाकत कोपऱ्यात बसले. हातात एक मिनिट.

"बोल की कायतरी!"

त्यानं तोंडावर पाणी मारलं. "प्रतीक्षा... माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"आत्ता? अरं, हाताचं बोल हाताचं!"

"हात वर ठेव. दोन मारलेस की मागे सरू नकोस, उजवीकडे नीघ. आणि प्रेम आहे."

घंटा झाली. मी दोन मारले, उजवीकडे निघाले. कोमलचा लांब हात नुसता हवेत गेला. पुन्हा दोन, पुन्हा उजवीकडे. तीन मिनिटं माझा उजवा हात हनुवटीवरून हलला नाही, आणि तीन मिनिटं मी कुणाचीच नक्कल नव्हते. पंचांनी हात वर केला तो माझा. पाच पंचांतल्या तिघांनी मला जिंकवलं होतं. निवडले गेले होते मी!

खाली उतरले, आणि घामेजल्या हातानं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"लोक बघतायत," तो पुटपुटला. "आबा पण."

आबा उभे राहिलेच होते. कपाळाला मोठी आठी. सत्यमनं एकदा तिकडे बघितलं आणि माझा हात आणखी घट्ट धरला.

"बघू देत," मी म्हणाले. "माझं पन हाय तुझ्यावर. लय दिवसांपासनं. आता तू जा, त्या बलविंदरला लोळव, जिंकून ये. आन् हरलास तरी माझ्याकडंच ये."