बरं होण्याची मुदत

“सरळ उठू नकोस! आधी कुशीवर वळ, हातावर भार दे, मग पाय खाली सोड... किती वेळा सांगायचं गं तुला?”

दारातूनच थोरलीचा करडा आवाज आला, आणि अर्धवट उठलेली धाकटी दातओठ खात पुन्हा उशीवर पडली. परमेश्वरा, आणखी काय काय दाखवणार आहेस! पोटाला टाके, अंगात आगीचे लोळ, आणि या सगळ्यावर राखण कोणाची? तर ज्या बाईशी गेली बारा वर्षं कामापुरत्या चार शब्दांपलीकडे बोलणं नव्हतं, त्या सख्ख्या जावेची!

नऊ दिवसांपूर्वी धाकटीची दोन्ही अंडाशयं काढली होती. गाठी होत्या, दोन्हीकडे. “साध्या निघाल्या, जिवावरचं टळलं. आता सहा आठवडे नुसतं बरं व्हायचं,” असं डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या. नुसतं! जणू बरं होणं म्हणजे गच्चीत बसून केस वाळवणं!

खाली दोघा भावांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोघांचे संसार, आणि मध्ये एकच जिना. पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा खाली करकरला की वर पलंगाचे पाय थरथरत, आणि त्या थरथरीसरशी धाकटीच्या जिवाची तगमग होई... मी इथे ओंडक्यासारखी पडलेय आणि खाली कणे वाकडे चिकटवतायत! पुस्तकाला कापडी कणा बसवण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतं. थोरलीने कागदाच्या घड्या शिवायच्या, धाकटीने कणा बसवायचा. एकाच टेबलाच्या दोन टोकांना दोघी, आणि मध्ये खळीचं भांडं व अबोला.

तेही आता संपणार होतं. थोरल्या भावोजींनी दुसऱ्या गावच्या छापखान्यात नोकरी धरली होती. का धरली, ते धाकटीला पुरतं ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी कागद कापायचं नवं यंत्र घ्यायचं की नाही यावरून वाद पेटला, आणि रागाच्या भरात ती बोलून गेली, “तुमच्यामागे आहे कोण, ताई? कोणासाठी एवढं राखून ठेवायचं?” थोरलीने हातातली घडी टेबलावर ठेवली, पदर सावरला आणि जिना चढून गेली. जायचा दिवस ठरला, पेट्या भरून झाल्या, आणि नेमकं हे ऑपरेशन उभं राहिलं! तेव्हा थोरलीने धाकट्या दिराला सांगितलं, “हिचे सहा आठवडे काढून देईन. पुढे एक दिवस नाही.”

धाकटीनेही मनात म्हटलं, पुढे हवाय कोणाला तुमचा दिवस?

तोवर घरच्यांनी तिच्या सेवेचा असा काही विडा उचलला की बरं होण्यापेक्षा मरण सोपं वाटावं! नवऱ्याने भिंतीवर लाल-निळ्या शाईत औषधांचं वेळापत्रक डकवलं, आणि सकाळची गोळी दुपारी आणून दिली. दर दहा मिनिटांनी दारातून त्याचं तोंड आत येई.

“काही हवंय का?”

“तुम्ही बाहेर जायला हवंय!”

लेक बारा वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत. ती आईच्या कानाशी येऊन हळूच विचारी, “आई, झोप लागली का गं?” लागलेली असे, ती तिथेच मोडे. शेजारची मास्तरीणबाई समाचाराला आली, पाऊण तास ठाण मांडून बसली आणि ओळखीतल्या चार बायकांची ऑपरेशनं इत्थंभूत सांगून गेली. त्या चारांतल्या दोघी शेवटी दगावल्या होत्या.

आणि ती आग! पायाच्या नखापासून अशी लाट उसळे की कानशिलं लाल होत, पाठ ओलीचिंब होई.

“पंखा लावा!”

नवरा धावत जाऊन पंखा लावी. तीन मिनिटांत तोच घाम गार पडे आणि दात वाजू लागत.

“बंद करा तो पंखा!”

“अगं, एकदा काय ते ठरव ना.”

“मी ठरवतेय? हे शरीर ठरवतंय! त्याला विचारा जाऊन!”

थोरली मात्र काही विचारतच नसे. लाट यायच्या आधीच ओला रुमाल हाताशी येई. उशीवर पातळ टॉवेल, तो भिजला की दुसरा. खोकल्याची नुसती उबळ दिसली की पोटाशी उशी दाबून धरलेली. “भरल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही. खिडकीपर्यंत चालायचं आणि परत. हसायचं नाही.”

“इथं हसण्यासारखं आहे काय?” धाकटी फणकारली.

“म्हणूनच सांगितलं. सोपं जाईल.”

सगळं बिनचूक! तेच तर जिव्हारी लागत होतं. मनुष्याला वैरी सोसवतो हो, पण प्रत्येक बाबतीत बरोबर असणारा वैरी... तो कसा सोसावा?

विसाव्या दिवशी धाकटीचा धीर सुटला. खाली शिकंजा करकरला, कोणीतरी म्हणालं, “कणा वाकडा बसला वाटतं,” आणि थोरली स्वयंपाकघरात असल्याची संधी साधून ती भिंतीला धरून जिना उतरली. पुस्तकांची एक चळत तिने नुसती हाताने सरळ केली असेल नसेल, तोच मागून मनगट पकडलं गेलं.

“वर चल.”

“सोडा! माझा हात आहे, माझं काम आहे!”

“काम पळून जात नाही. वर चल म्हणते ना!”

त्या क्षणी धाकटीचा वीस दिवसांचा संताप उफाळून आला. नवरा खळीचं भांडं घेऊन उभा होता, भावोजी शिकंज्यापाशी होते, पण तिला कोणाचंच भान उरलं नाही.

“हुकूम कसले सोडता हो येताजाता? तुम्हाला काय कळणार यातलं? आतून रिकामी झालेय मी, ताई! एका दिवसात म्हातारी करून टाकलंय मला! जिचं कधी काही गेलंच नाही, तिने मला बरं कसं व्हायचं ते शिकवू नये!”

थोरलीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. पण ती इतकंच म्हणाली, “झालं बोलून? आता चल.”

“नाही झालं.”

हा आवाज भावोजींचा होता! दिवसाकाठी दहा शब्द न बोलणारे भावोजी खळीने माखलेले हात तसेच अधांतरी धरून पुढे आले.

“गेलंय तिचं. दोन्ही गेलीत.”

“अहो, तोंड बंद ठेवा!” थोरली कळवळून ओरडली.

“बारा वर्षं बंदच ठेवलंय. आता ऐकू दे धाकटीला.” “चिमणी पोटात होती. सहाव्या महिन्यापासून तुला अंथरुणातून हलायची बंदी होती, आठवतंय? तुझी वेणी कोण घालत होतं? तुला तोंड धुवायला पाणी कोण देत होतं? त्याच दिवसांत हिला गाठ निघाली. एकाच बाजूला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काढू, दुसरी बाजू वाचेल, पुढे मूलबाळ होईल. ही म्हणाली, धाकटीला या अवस्थेत कोणाच्या भरवशावर टाकू? तिची सुटका होऊ दे, मग बघू. तीन महिने थांबली... आणि नंतर गेलो तेव्हा उशीर झाला होता. दोन्हीकडची काढावी लागली.”

नवऱ्याच्या हातातलं भांडं कलंडलं आणि खळ जमिनीवर ठिबकू लागली.

धाकटीला ते दिवस आठवले. कुशीत वीस दिवसांची चिमणी, घरभर काम, आणि थोरली पलीकडच्या खोलीत पाच आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलेली. ‘पोटाचं जरा काम करून घेतलं,’ एवढंच कोणीतरी सांगितलेलं. त्या घरात असल्या गोष्टीचं नाव घ्यायची रीतच नव्हती! आणि खिडकीतून मास्तरीणबाईला ती म्हणाली होती, “बघा ना, मूल झालं मला आणि बाळंतपण भोगतायत जाऊबाई!” दोघी खो खो हसल्या होत्या... पलीकडच्या खोलीची खिडकी उघडी होती, देवा! सताड उघडी होती!

“तुम्हाला ठाऊक होतं?” ती नवऱ्याकडे वळली.

त्याने मान खाली घातली. “वहिनीने शपथ घातली होती. म्हणाली, ओली बाळंतीण आहे, हाय खाईल. जन्मभर पोरीकडे बघताना अपराधी वाटेल तिला.”

“आणि मला बोलू दिलंत? बारा वर्षं? वेळापत्रकं रंगवता येतात, तोंड तेवढं उघडता येत नाही!”

त्या दिवसानंतर घरात सगळं बदलेल असं कोणाला वाटलं असेल, तर त्याला थोरली ठाऊक नाही. ओला रुमाल तसाच आला, खिडकीपर्यंतच्या फेऱ्या तशाच झाल्या, आवाज तर आणखी करडा झाला. धाकटीने “ताई, मी...” म्हणून तोंड उघडलं की त्यात गोळी पडे. एकदा ती हुंदका देत म्हणाली, “ताई, पाय धरते तुमचे!”

“वाकायचं नाहीये अजून,” थोरली म्हणाली आणि चादर झटकून निघून गेली.

आता काय म्हणावं या बाईला! क्षमा मागायला यावं, तर दाराला आतून कडी! रागवावं, तर कोणत्या तोंडाने?

आणि दिवस धावू लागले. बरं होण्याची मुदत हीच जायची मुदत होती! टाक्यांची जागा सुकत चालली, मेली! फेऱ्या खिडकीवरून जिन्यापर्यंत गेल्या, भूक परतली, लाटासुद्धा विरळ झाल्या. नवरा कौतुकाने म्हणाला, “चेहऱ्यावर तेज आलंय हो तुझ्या,” तेव्हा तिने त्याला असं काही झापलं की तो बिचारा दोन दिवस तिच्या चेहऱ्याबद्दल बोलला नाही. सहाव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून “अगदी ठणठणीत!” म्हटलं, आणि तो शब्द ऐकून ढसाढसा रडणारी रोगीण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी टेम्पो उभा राहिला. भावोजी एकेक पेटी खाली नेत होते. चिमणी जिन्यात कठड्याला मिठी मारून बसली होती आणि “मोठीआई, मलाही ने” हे पालुपद काही सोडत नव्हती. धाकटी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. काय करू? कसं थांबवू? शेवटी तिने पलंगावर अंग टाकलं आणि जोरात कण्हली.

“आई गं! ताई... दुखतंय हो!”

थोरली आली. पायात चपला, खांद्याला पिशवी.

“कुठं?”

“इथं... उजवीकडे. खूप आत.”

थोरलीने पिशवी खाली ठेवली, वाकून दोन बोटं अलगद टेकवली. “इथं?”

“हो, हो! तिथंच!”

“इथलं काढून नेलंय गं. उरलंय काय दुखायला?” तिने बोटं उचलली. “आणि खरं दुखतं ना, तेव्हा माणूस एवढं ओरडत नाही.”

धाकटीचा चेहरा कसनुसा झाला. ती उठून बसली, आणि इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं घळाघळा वाहू लागलं.

“नाही दुखत! ठणठणीत आहे मी! बरी झाले की तुम्ही जाणार असाल, तर मला बरंच व्हायचं नव्हतं, ताई! तुमच्यामागे कोण आहे म्हणाले ना मी? ती बघा, जिन्यात बसलीये तुमची... माझ्याआधी तुमची आहे ती, तुमच्या जिवावर जगात आलीये! मला माफ करा... नसेल करायचं तर नका करू, पण इथंच राहा आणि नका करू! रोज समोर बसा आणि नका करू!”

“माफी, माफी!” थोरली वैतागून म्हणाली. “तुझी माफी घेऊन मी करू काय? पेटीत भरू?”

तिने पिशवी उचलली आणि दाराकडे वळली. उंबऱ्यावर मात्र तिचं पाऊल अडखळलं. ती तशीच पाठमोरी उभी राहिली, आणि बोलली तेव्हा त्या करड्या आवाजाला कुठेतरी चीर गेली होती.

“सगळ्यांना मीच गप्प केलं, ते खरं. पण इतक्या वर्षांत... एकाने तरी... शपथ मोडून एकाने तरी...”

धाकटी हळूहळू तिच्याजवळ गेली. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर होईना. बारा वर्षांत त्या घरात कोणीच न विचारलेलं तिने विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं.

“ताई... तेव्हा दुखलं होतं का हो?”

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. “निघायचं ना साहेब?” जिन्याच्या वळणावर भावोजी पेटी धरून उभे होते. त्यांनी वर पाहिलं, क्षणभर ऐकलं, आणि पेटी तिथेच पायरीवर टेकवून म्हणाले, “नाही.”

थोरली उंबऱ्यावर मटकन बसली. तोंडाशी धरलेला पदर भिजत गेला, खांदे गदगदू लागले.

“खूप गं...” ती म्हणाली. “खूप दुखलं.”

धाकटी तिच्या शेजारी बसली, आणि थोरली पहिल्या दिवसापासून सांगू लागली.