लेकराची खोली

रुपेश, दिवा राहू दे तसाच. बसा सगळे. इथे आखातात, बुसैतीनला त्या अरब अहमदच्या घरी स्वयंपाकी आहे ना, आपला कुडाळचा दत्तू, त्याची ही गोष्ट. गेल्या ऑक्टोबरची चौदा तारीख, मंगळवार.

अहमदच्या म्हाताऱ्या आईला दत्तूच्या हातचंच जेवण लागतं. म्हणून ते सुट्टीला स्पेनला निघाले तेव्हा त्यालाही नेलं. ग्वादिक्स नावाचं लहानसं गाव. तिथे लोक डोंगर पोखरून केलेल्या घरांत राहतात. चुन्याच्या भिंती, खोलीमागे खोली. शेजारणीने कौतुकाने सांगितलं आणि अहमदने दत्तूला समजावलं: घरात मूल जन्मलं की डोंगरात आणखी एक खोली खणायची, ही इथली रीत.

दत्तू पडला कोकणातला. नव्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाठ टेकायचा नाही. उंबऱ्यावर चिमूटभर साखर ठेवून पुटपुटला, “बा म्हाराजा, ह्या घर आता आमचा. आमची पोरां ती तुझीच पोरां. सांभाळून घे.” गावाकडे ठीक आहे रे. पण परक्या डोंगराला असं काही देऊन बसू नये.

संध्याकाळी इकडून, माहूजच्या हॉस्पिटलातून मेव्हणीचा फोन आला. दत्तूच्या बायकोला, स्वप्नालीला सातव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली, काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, रात्र निघाली तर निघाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं मूल, आणि बाप सातासमुद्रापार. विमान सकाळी. आत रेंज मफी, अजिबात नाही, म्हणून फोन उंबऱ्याशी ठेवून दत्तू तिथेच बसला. रडून रडून डोळे कोरडे झाले होते.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. भिंतीमागे आवाज झाला. ठक.

पुन्हा. ठक. कुदळीचा.

त्या भिंतीमागे खोली नव्हती. डोंगर होता.

दत्तूला शेजारणीचं बोलणं आठवलं. मग स्वतःचं गाऱ्हाणं... त्याने भिंतीला हात लावला. भिंत हलत होती.

“नको म्हाराजा. ता चेडू माझा.”

कुदळ थांबली.

फोन वाजला. मेव्हणी. आधी नुसतं रडणं. मग, “भावोजी... तिचो श्वास थांबलो...”

दत्तू भिंतीपाशी गेला. कपाळ टेकलं.

“खण,” म्हणाला. “खण म्हाराजा. तुझाच ता.”

...

ठक. ठक. ठक.

“घेतल्यान,” उंबऱ्यावरून फोनातला आवाज आला. “भावोजी, घेतल्यान श्वास...”

उजाडलं तेव्हा भिंतीत एक कोनाडा होता. पाळण्याएवढा. आत चुन्याने माखलेली एक गुलाबी पट्टी, हॉस्पिटलात बाळाच्या पायाला बांधतात तसली. तिच्यावर स्वप्नालीचं नाव.

पोरगी वाचली. भक्ती. आता भिंतीला धरून उभी राहते. त्या रात्री तिच्या पायातली पट्टी कुठे पडली ते नर्सना कळलंच नाही, त्यांनी दुसरी बांधली. पहिली दत्तूच्या पाकिटात असते. परवा मी हातात घेतली होती. वर्ष होत आलं.

तिच्यावरचा चुना अजून ओला आहे.