गवत म्हणून उपटलेली फुलं

मावशीचं सामान बांधता बांधता ती खिडकी पुसायला उठली आणि फडकं हातातच राहिलं. भिंतीपलीकडे, शेजारच्या बागेत, निळ्या फुलांचा हा एवढा पट्टा! इवल्या द्राक्षांचे घड उलटे उभे करावेत तशी गच्च फुलं... ग्रेप हायसिंथ! अगं बाई, हीच तर ती!

ती तशीच अनवाणी धावली. पालथ्या कुंडीवर चढून डोकावली, तर खाली माळीबुवा, मातीत गुडघे टेकून बसलेला. शेजारच्या नर्सरीवाल्यांचा मुलगा; 'माळीबुवा' हे नाव तिनेच ठेवलेलं. तिला बघून तो दचकला, मग हसला. गालावरची ती खळी मेली अजून तिथेच होती.

"भिंतीवरून डोकावायची खोड गेली नाही वाटतं?"

"आणि तुला दारात येऊन 'कशी आहेस' विचारायची अक्कल आली नाही वाटतं!"

तो उगाच एका रोपाभोवतीची माती चाचपू लागला. तिला सगळं आठवलं... शिवण शिकायला ती मावशीकडे राहिली होती, तेव्हा यानेच रुमालात बांधून कंद आणून दिले होते. अगदी लहान कांद्यांसारखे. "टोक वर ठेवून लाव," म्हणाला होता. "वसंतात फुलं येतील. तेव्हा तुला एक विचारायचंय."

"आत्ताच विचार की!"

"अंहं. फुलं येऊ देत."

काय विचारणार, हे न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती. त्या फुलांसाठी तिने जीव टाकला होता. पाणी घातलं, वाफा आरशासारखा लख्ख ठेवला. आणि वसंत आला तरी एक फूल येईल तर शपथ! त्यानेही बोलणं तोडलं. शिवण संपली, ती घरी गेली.

आता मावशीलाही ती घेऊन चालली होती. आज संध्याकाळी किल्ली घरमालकाच्या हातात गेली, की या भिंतीशी यायचं काही कारणच उरणार नव्हतं.

"माझ्याकडे एकही फुललं नाही," ती म्हणाली. "फसवलंस मला."

"मी? तूच उपटून टाकलेस ना सगळे... थंडी पडायच्या आधीच."

"मी कशाला उपटू? मी फक्त गवत—"

ती थांबली. फुलांखाली लांब, बारीक, हिरवी पाती लोळत होती. गवतासारखी. हुबेहूब.

"अय्या..."

"पानं आधी येतात त्यांची," तो हळूच म्हणाला. "फुलं मागून."

"मला वाटलं, फुलं वसंतात म्हणजे पानंही वसंतातच! मातीच्या ढेकळांसकट भिरकावलं रे मी सगळं... पण तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तेच तुझं उत्तर."

"शहाणाच आहेस! नाही म्हणायचं असतं तर तोंडाने म्हटलं असतं. माझं तोंड कधी बंद असतं का?" तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "मग हे कुठले?"

"तुझेच. भिंतीशी कचऱ्यात पडले होते. टाकवेनात... इकडे लावले."

आतून मावशीची हाक आली. "चिमणे! गाडी येईल आता! एक खिडकी पुसायला किती वेळ गं?"

तिने कुंडीवर तोल सावरला. तो उठून जवळ आला. भिंतीवर ठेवलेल्या तिच्या हाताशेजारी त्याचा मातीचा हात आला. थोडा अलीकडेच थांबला.

"फुलं आली ना आता?" ती म्हणाली.

"आली."

"मग विचार की, माळीबुवा."

त्याचे कान लाल झाले. "माझ्याशी... लग्न करशील?"

तिने तो मातीचा हात घट्ट धरला आणि घराकडे वळून ओरडली, "मावशी, किल्ली दिली नाहीस ना गं अजून?"

"कुठली देतेय!" मावशी दारात आली. "सकाळपासून मुठीत धरून बसलेय. म्हटलं, बघू तरी, या दोघांना आज तरी अक्कल येते का!"